नाताळच्या सुट्टीत मैत्रिणींनी मिळून गोधडी : हातानं की मशीनवर? कापड कुठून?

अनु_मुलुंड
आमच्या ग्रुपमधली एक जण जानेवारीत नाशिकला राहायला जातेय. उरलेल्या चौघी नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे जमून तिच्यासाठी गोधडी शिवणार आहोत. सिंगल बेड, ६० बाय ९० इंच. बजेट सगळं धरून २००० रुपये. टाके सगळ्यांना येतात, गोधडी कुणीच केलेली नाही. तिच्या आजीच्या सिल्क साडीचा एक तुकडाही त्यात घ्यायचाय. सुचवा.

शिवणवेडी
सरळ मशीन घ्या. मी मागच्या दिवाळीला ऑटोमॅटिक घेतलं, आता पडदे, पिशव्या, नातवाचे झबले सगळं घरीच होतं. थोडे पैसे जास्त जातील, पण आयुष्यभराची सोय. माझ्या नणंदेनंही माझं बघूनच घेतलं.

गिरगावचे_काका
बजेट २००० सांगितलंय, वाचलंत का? आणि गोधडीला नवं कापड कशाला? आमच्या आईनं जुन्या नऊवारीच्या घड्या घालून शिवलेली गोधडी अजून वापरात आहे. धुवून धुवून जी मऊ झाली आहे, ती कुठल्या दुकानात मिळणार नाही.

स्मिता_परळ
काकांशी सहमत, आतल्या थरांना जुन्या सुती साड्याच घ्या. खालच्या बाजूला मात्र नवं मांजरपाट लावा, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटमध्ये मिळेल. रविवारी बंद असतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल तर दोन पाट जोडावे लागतील, म्हणजे ९० इंचांचे दोन तुकडे, साधारण साडेचार मीटर. मांजरपाट आटतं, म्हणून पाच घ्या आणि आधी धुवा.

वर्षा_के
रंगाचं बघा!! मी लाल बांधणीची ठिगळं लावली होती. पहिल्याच धुण्यात पांढरा भाग गुलाबी झाला. दुकानदार म्हणाला होता पक्का रंग. आता कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवते.

टाका_टाका
मिठानं रंग पक्का होत नाही. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा.

वर्षा_के
आमच्याकडे सगळे मीठच टाकतात.

नीता_ठाणे
आत फायबर शीट घाला, फुगीर दिसते. टाके मधून सुरू करून बाहेर न्या.

गिरगावचे_काका
बाहेरून आत! आई कडेनं फिरत फिरत मध्यावर यायची.

टाका_टाका
काका, नीताताई, दोन्ही चालतं. आधी सगळे थर जमिनीवर ताणून पसरा आणि वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. हे टाळलंत तर मध्ये फुगे येणारच, कुठूनही सुरू करा. मग चौघी चार बाजूंना बसून धावदोरा घालू शकता. घरच्या मशीनच्या हाताखाली एवढी गुंडाळी सहज मावत नाही, म्हणून मशीन नकोच. शीटही नको, जाड थरातून सुई ओढून बोटं दुखतात. नाशिकच्या थंडीला सुती साडीचा एक थर वाढवा. आणि सिल्क घालू नका, सुतीबरोबर धुतलं की आकसतं, टाक्याजवळ फाटतं.

स्मिता_परळ
हो, सिल्क नकोच.

शिवणवेडी
नवशिक्यांनी एवढी मोठी गोधडी घेऊच नये. चार कुशन कव्हरं करा. मशीनवर एका दुपारी होतील.

नीता_ठाणे
+१, कुशन कव्हरं.

वर्षा_के
सिल्कचा रंगही जातो हं.

अनु_मुलुंड
सगळ्यांचे मनापासून आभार. कच्चे टाके आणि मांजरपाट नक्की, शनिवारी मंगलदासला जातोय. पण करणार गोधडीच, हातानं, आणि सिल्कचा तुकडा बरोबर मधोमध लागणार. मागून मलमलचं अस्तर देऊन, कडा दुमडून लावेन. तिनं तो तुकडा आजी गेल्यापासून कपाटात जपून ठेवलाय आणि माझ्या हातात दिलाय, तो वगळायचा तर गोधडी करायचीच कशाला? थंड पाण्यात हातानं धुवायची, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.

शिवणवेडी
बरं. मशीनची माहिती हवी असेल तर कधीही विचारा.