गरम झऱ्याशेजारून जलवाहिनी न्यावी का?

भूजलवेडा (धागाकर्ता):
नैसर्गिक गरम झऱ्याजवळून पाणीपुरवठ्याची जलवाहिनी न्यायची म्हटलं की "दीड मीटरचा तर चर, त्याने काय होतंय" असं म्हणून आखणी मंजूर होते. मला हे मुळीच पटत नाही. पावसाचं पाणी खोल मुरतं, तिथे तापतं आणि भेगांमधून दाबाने वर येतं. पण वर पोचेपर्यंत तो दाब बऱ्याचदा जेमतेम उरलेला असतो. बाजूला थोडा खोल चर मिळाला की पाणी कुंडात चढायचं सोडून तिकडे वळतं. पाइपाखाली वाळू-खडी पसरतात, म्हणजे चर बुजवल्यावरही त्या थरातून निचरा चालूच. आणि कातळ लागला की सुरुंग! झऱ्याच्या परिसरात चर नकोच.

चर_आणि_पातळी:
मी जलवाहिन्यांचीच कामं करतो. गरम पाणी येतं शेकडो मीटर खालून, आम्ही खणतो दीड-दोन मीटर. इंग्लंडमधल्या बाथच्या झऱ्यांसाठी १९८२ चा खास कायदा आहे. त्यातही परवानगी लागते ती ठरावीक खोलीच्या पुढे खणताना, आणि सर्वांत कडक पट्ट्यात ती खोली ५ मीटर आहे. त्या हिशेबाने आमचा चर कुठेच बसत नाही.

भूजलवेडा:
बाथचं उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच घेतलंत. तिथे गरम पाण्याच्या चुनखडकावर चिकणमातीच्या खडकाचं जाड झाकण आहे, म्हणून ५ मीटरपर्यंत धोका कमी. जिथे उघड्या कातळाच्या भेगेतूनच पाणी बाहेर पडतं, तिथे शेवटचे दोन मीटर हेच झऱ्याचं तोंड. तिथे ५ मीटरचा आकडा कसा लावणार?

अंतराचंही तसंच. बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) टेप्लिट्से गावाचे गरम झरे १८७९ मध्ये अचानक आटले, कारण काही किलोमीटर दूरच्या कोळसा खाणीत पाणी फुटलं होतं. खाण आणि चर एक नव्हे, हे मान्य. पण भेगा कुठून कुठे जोडलेल्या आहेत हे वरून दिसत नाही.

रिकामी_घागर:
ज्यांच्या घरी नळ आहे त्यांना आखणी बदला म्हणणं सोपं. नवी मोजणी, नव्या परवानग्या, पुन्हा निविदा, यात वर्षं जातात आणि तोवर लांबून पाणी वाहतात त्या बायकाच. झरा मलाही हवा आहे. पण प्यायचं पाणी आधी.

भूजलवेडा:
ताई, तुमच्या म्हणण्यातली कळकळ खरी आहे आणि मी योजना रद्द करा म्हणतच नाही. उशीर होतो तो झऱ्याचा विचार काम सुरू झाल्यावर केल्यामुळे. पहिल्याच नकाशावर झरा दाखवला तर वळसा काही शे मीटरचा असतो. आणि तापलेल्या जमिनीतून पाइप नेणं तुमच्याही तोट्याचं: प्लास्टिकच्या पाइपाची दाब सोसण्याची ताकद उष्णतेने घटते, खारट गरम पाण्याने लोखंड गंजतं. पुढे तीच वाहिनी फुटली तर गार पाणी झऱ्यात आणि तुमचा नळ कोरडा.

चर_आणि_पातळी:
पाइपाचा मुद्दा बरोबर, तापलेली जमीन आम्ही टाळतोच. पण वळसा दर वेळी शक्य नसतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर असला तर? अशा ठिकाणी सुरुंग न लावता यंत्राने कातळ फोडावा, चरात ठरावीक अंतरावर चिकणमातीचे आडवे बांध घालावेत म्हणजे खडीतून निचरा होत नाही, आणि पाइप जमिनीवर खांबांवरून नेता आला तर उत्तमच.

भूजलवेडा:
खांबांवरून न्यायला माझी हरकत नाही. बांधांवर मात्र मी विसंबणार नाही, निदान कामाआधी वर्षभर झऱ्याचं तापमान, प्रवाह आणि क्षारांचं प्रमाण मोजल्याशिवाय नाही. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला १९८० च्या दशकात पोहुटू उष्णोदक फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या विंधनविहिरी सरकारने बंद केल्या, तेव्हा तिथला दाब पुन्हा वाढला. विहीर बंद करता येते. सुरुंगाने हललेली भेग कशी बंद करणार?

रिकामी_घागर:
वर्षभर मोजा, पण त्या वर्षात बाकीची वाहिनी टाकायचं काम थांबवू नका. झऱ्याजवळचा तुकडा शेवटी ठेवा. हे लेखी मिळणार असेल तर माझा विरोध नाही.