‘गंगेवर आहे’ म्हणजे कुठे? नाशिककरांच्या युद्धनौकांची घरगुती नावं

गोदावरीला गोदावरी म्हणतात ते पाहुणे. आम्ही नाशिककर तिला गंगा म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’, ‘गंगेला पाणी सोडलंय’, असंच आमच्या घरात बोललं जातं.

१९८९ साली बाबांचं पत्र आलं, ‘माझी बदली गंगेवर झाली आहे.’ काकाने ते मोठ्याने वाचलं. आजी तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “मग दुपारचा जेवायला येईल की घरी!” आयएनएस गंगा ही मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली फ्रिगेट जातीची युद्धनौका आहे, रामकुंडापासून ती बरीच लांब आहे, हे तिला समजावताना काकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात.

बाबा बॉयलर रूममध्ये होते. त्यांच्या मेसमधली, म्हणजे नौसैनिकांच्या राहण्या-जेवणाच्या खोलीतली, मराठी मुलं जहाजाला ‘माई’ म्हणायची. रजेवर आले की ते सांगायचे, “या खेपेला माईने फार लोळवलं”, “माईची तब्येत बरी नव्हती, दोन महिने गोदीत होती.” माई म्हणजे मुंबईत बाबांना डबा देणारी कुणी म्हातारी बाई असणार, असं मी दहा वर्षांची होईपर्यंत समजत होते. तिच्यासाठी मी एकदा चिवड्याची पुडीही दिली होती. बाबांनी ती नेली आणि मेसमध्ये सगळ्यांनी मिळून खाल्ली.

येत्या ४ डिसेंबरला नौदल दिन आहे. ज्यांनी स्वतः नोकरी केली त्यांनी आणि ज्यांच्या घरातलं कुणी जहाजावर होतं त्यांनी लिहा. तुमच्या जहाजाला तिथली माणसं काय म्हणायची, आणि ते नाव कसं पडलं? कुणाची नावं नकोत, हुद्दा आणि नाशकातला भाग पुरे. मोहिमांचा गाजावाजा मला नकोय, मला तुमच्या मेसमधली भाषा हवी आहे.

निवृत्त चीफ, इंदिरानगर

मी थेट गोदावरीवर होतो, त्यामुळे थोडं जास्त लिहितो.

आयएनएस गोदावरी १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली. मी १९८७ मध्ये तिच्यावर चढलो. तिच्या मागून गंगा आणि गोमती आल्या, या तिघी सख्ख्या बहिणी. आराखडा आपला, क्षेपणास्त्रं रशियन, काही यंत्रणा पाश्चात्त्य, काही देशी, आणि सगळं एकाच सांगाड्यात बसवलेलं. दोन सी किंग हेलिकॉप्टरं तिच्या हँगरमध्ये मावायची. एवढ्या आकाराच्या जहाजावर दोन सी किंग, याचं तेव्हा आम्हाला फार अप्रूप होतं.

आमची मेसही तशीच, सगळ्या मुलखांतून जमवलेली. माझ्या वरच्या बंकवर हरियाणाचा एक गडी होता. ‘गोदावरी’ हे नाव त्याच्या जिभेला लांब पडायचं. तो ‘गुड्डी’ म्हणायला लागला. पहिल्यांदा मला राग आला. माझ्या गावची नदी, तिच्यात आमचे पूर्वज विसर्जित झालेले, आणि हा तिला गुड्डी म्हणतो! मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, “भाई, आमच्या घरी सगळ्यांत लाडक्या पोरीला गुड्डी म्हणतात.” त्यावर मी काय बोलणार? महिन्याभरात मीही गुड्डी म्हणू लागलो.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचा प्रसंग झाला, तिथलं सरकार उलथवायचा प्रयत्न. ओलिसांना घेऊन पळणाऱ्या भाडोत्री सैनिकांचं ‘प्रोग्रेस लाइट’ हे जहाज गाठणाऱ्यांत आम्ही होतो. लोक विचारतात, काय पाहिलं? काहीच नाही. मशिनरीत काम करणाऱ्याला समुद्र दिसत नाही. टर्बाइनचा सूर चढतो, पायाखालची जाळी थरथरते, त्यावरून समजायचं. त्या रात्री वॉच, म्हणजे पाळी, बदलताना आमचा एक स्टोकर (इंजिनाकडचा खलाशी) घामाने निथळत वर आला आणि एवढंच म्हणाला, “गुड्डी दौडी आज.”

२३ डिसेंबर २०१५ ला ती निवृत्त झाली. त्याच वर्षी नाशकात सिंहस्थ होता. जाताना मी रामकुंडातलं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. मावळतीला जहाजावरचा झेंडा शेवटचा उतरवतात. डोलकाठीवर लांबलचक निमुळतं निशाण असतं, तेही खाली येतं. आमच्या वेळचे दहा-बाराजण आलेले होते. हरियाणाचा तो गडीही आला होता, पांढऱ्या मिशा, हातात काठी. ते पाणी मी जेट्टीवरून तिच्या अंगाशी ओतलं. त्याने विचारलं, काय टाकलंस? म्हटलं, गुड्डीला माहेरचं पाणी.

(बाबांना हे वाचून दाखवलं. ते बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले.)

नौसैनिक, ‘नाशक’वर दोन वर्षं, जेल रोड

माझं थोडक्यात. आयएनएस नाशक ही क्षेपणास्त्र डागणारी छोटी, वेगवान नौका. नाशक म्हणजे नाश करणारी. पण आमच्या नातेवाइकांत अजून ठाम समजूत आहे की सरकारने आपल्या गावाच्या नावावरून जहाज काढलं आणि मला मुद्दाम त्यावर घेतलं. मेसमध्ये मी एकटा नाशिकचा. त्यामुळे आमच्या पोरांनी तिचं नाव ‘नाशिक रोड’ करून टाकलं. लिबर्टीवरून, म्हणजे बंदरातल्या सुट्टीवरून, परतताना कुलाब्यात टॅक्सीत बसलो की कुणीतरी म्हणायचं, “चलो, नाशिक रोड.” टॅक्सीवाला दचकून मागे बघायचा.

निवृत्त पेटी ऑफिसर, ओझर

विमानवाहू विराटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

विमानवाल्यांची भाषा वेगळी. हवेतल्या वैमानिकाला ज्या जहाजावर परत उतरायचं, ते त्याची ‘मदर’. विराट आमची मदर होती. पण मेस डेकवर तिला म्हातारी म्हणायचे. वर्तमानपत्रं तिला ‘ग्रँड ओल्ड लेडी’ म्हणायची, त्याचंच हे आमचं रूप. खरोखर वय झालेलं होतं तिचं. १९५९ मध्ये ती ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ म्हणून दाखल झाली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिथल्या ताफ्याची प्रमुख नौका होती, आणि १२ मे १९८७ पासून आपली. माझ्याहून मोठी.

नवीन माणूस पहिला आठवडा हमखास हरवतो. मी जेवणाच्या वेळी हरवलो होतो. एका दारातून दुसऱ्या दारात, शिड्या चढतोय, उतरतोय, पुन्हा त्याच जागी. शेवटी एका जुन्या चीफने कॉलर धरून मेसमध्ये आणून बसवलं आणि म्हणाला, “म्हातारी नव्या सुनेला सगळं घर फिरवून दाखवते, मगच जेवायला वाढते.” नंतर पंधरा वर्षं मी प्रत्येक नव्या पोराला हेच वाक्य ऐकवलं.

यात एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. म्हातारी म्हणायचा हक्क फक्त आमचा. फुटबॉलच्या मॅचला दुसऱ्या जहाजाचा कुणी ‘तुमची म्हातारी’ म्हणाला तर मैदानावरच हिशेब व्हायचा. आपल्याकडे नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं. मग नावं ठेवायची ती घरच्यांनीच.

६ मार्च २०१७ ला तिची सेवा संपली. सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगला मोडीत गेली. तेव्हा मी घरीच होतो, सगळेच घरी होते. टीव्हीवर तिला ओढून नेताना दाखवत होते. बायकोने येऊन टीव्ही बंद केला. आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही.

शिक्षक, देवळाली

मी जहाजावर पाय ठेवलेला नाही, इतिहास शिकवतो. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

ग्रीक पुराणातली भारदस्त नावं जहाजांना द्यायची ही ब्रिटिश नौदलाची जुनी खोड. ती नावं उच्चारायची मात्र खेड्यापाड्यांतून आलेल्या अशिक्षित खलाशांनी. मग ‘बेलेरोफॉन’चं झालं ‘बिली रफियन’, म्हणजे बिली गुंड. १८१५ मध्ये नेपोलियन याच बिली गुंडाच्या डेकवर शरण आला. नेल्सनच्या आवडत्या ‘ॲगामेम्नॉन’ला खलाशी ‘एग्ज अँड बेकन’ म्हणत. अमेरिकेचं ‘कॉन्स्टिट्यूशन’ वेगळ्या वाटेने गेलं. १८१२ च्या लढाईत तोफगोळे तिच्या ओकच्या जाड फळ्यांवर आदळून परतले, तेव्हापासून ती ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, लोखंडी बरगड्यांची. बोस्टनला अजून पाण्यावर आहे.

यात देवळालीचा काय संबंध? सैनिकांनी जीभ वळवून जे बेलेरोफॉनचं केलं, तेच आमच्या गावाचंही केलं. मुदत संपलेले गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत. जहाजं हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटायची. चुकलं की महिनोन्‌महिने बसा. उन्हाळा, कंटाळा, ताप. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्यांनी ‘देवळाली’चं ‘डूलॅली’ केलं आणि त्या अवस्थेला म्हणू लागले ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत अजून डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला. समुद्रापासून इतक्या लांबच्या आमच्या गावाला जे नाव पडलं, ते जहाजाची वाट बघणाऱ्यांनीच पाडलं. वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसतात, मग विचारतात, “सर, त्यांना घरी जायला मिळालं का?”

गृहिणी, सातपूर

मिस्टर जलाश्वावर होते. आधीचं अमेरिकन जहाज, २००७ मध्ये आपल्याकडे आलं. पोटात अख्खे रणगाडे घेणारं, अवाढव्य. जलाश्व म्हणजे पाण्यातला घोडा, म्हणून यांच्या मराठी टोळक्याने सरळ पाणघोडा केला. मला ते नाव आवडायचं नाही. मे २०२० मध्ये मालदीवहून ६९८ माणसांना घेऊन जहाज कोचीला आलं. त्यात गरोदर बायका होत्या, लहान मुलं होती. इकडे आम्ही दाराबाहेर पडायला घाबरत होतो आणि हे तिकडे अनोळखी लोकांना जेवण वाढत होते. फोनवर म्हणाले, “पाणघोड्याचं पोट मोठं आहे, सगळे मावले.” त्या दिवसापासून मीही पाणघोडाच म्हणते.

निवृत्त अधिकाऱ्याची मुलगी, कॉलेज रोड

सगळं प्रेमाने लिहिलंय हे दिसतं, तरी मला खटकतं. युद्धनौकेचं नाव राष्ट्रपतींच्या मंजुरीने दिलेलं असतं, तिला बोधवाक्य असतं. ‘राजपूत’चं बोधवाक्य होतं ‘राज करेगा राजपूत’. विक्रांतचं तर ऋग्वेदातलं. अशा जहाजाला म्हातारी काय, पाणघोडा काय! माझ्या वडलांनी कधी असं नाव उच्चारलं नाही.

निवृत्त चीफ, इंदिरानगर

ताई, तुमच्या वडलांच्या कानावर ती नावं गेलेली होती. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात तिथल्या, साहेबांना ती ऐकू येऊनही ऐकू येत नसतात, हीच पद्धत. बोधवाक्य परेडला. पण रात्री दोन वाजता, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उकाड्यात गळका व्हॉल्व्ह आवळताना माणूस बोधवाक्य म्हणत नाही. तो म्हणतो, “गुड्डी, आजची रात्र सांभाळ.”

निवृत्त लीडिंग सीमनचा पुतण्या, पंचवटी

काका ‘किरपाण’वर होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ किरपाण आणि खुकरी बरोबर होत्या. खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजावरून उतरलेच नाहीत.

काका इतर सगळ्या जहाजांना काही ना काही म्हणायचे. कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र नौका त्यांच्या तोंडी कायम ‘किलर’. पण खुकरीला ते खुकरीच म्हणायचे, पूर्ण, सावकाश. मी एकदा विचारलं होतं, तिचं काही लाडाचं नाव होतं का? म्हणाले, “होतं. ते तिच्यावरच्या पोरांचं होतं.” पुढे काही सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

नौसैनिक, मूळ गाव सिन्नर तालुका

मी चिल्काहून ट्रेनिंग करून निघालो त्याला दोनच वर्षं झाली. जहाजाचं नाव लिहीत नाही, नवीन आहे एवढंच सांगतो. रंगाचा वास अजून गेलेला नाही. आमच्या मेसमध्ये दोघा-तिघांनी टोपणनावं सुचवून पाहिली, एकही टिकलं नाही. आमचे मास्टर चीफ म्हणाले, “नाव ठेवायचं नसतं, पडू द्यायचं असतं. एखादा पावसाळा जाऊ द्या.” जूनमध्ये पहिल्यांदा मोठा समुद्र लागला. तीन दिवस कुणी धड जेवलं नाही. चौथ्या दिवशी आमचा कुक जहाजाला उद्देशून एक शब्द बोलला आणि सगळी मेस हसली. तोच शब्द आता रोज ऐकू येतोय. पडलं की काय, बघू.

आई मला फोनवर विचारते, जहाज कसं आहे? अजून मी ‘बरं आहे’ म्हणतो.

शेवटी, ही पत्रं मागवणाऱ्या माझ्याकडून एवढंच. बाबा काल दिवसभर विचारत होते, इंदिरानगरचे चीफ १९९० च्या सुमाराला दुरुस्तीसाठी गोदीत होते का? त्या वेळी माई आणि गुड्डी शेजारी-शेजारी बांधलेल्या होत्या आणि माईच्या एका पंपाची वॉशर गुड्डीवाल्यांनी दिली होती, ती परत करायची राहिलीय म्हणे. चीफकाका, बाबा रविवारी सकाळी सातला दुतोंड्या मारुतीपाशी थांबणार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी या. आई चिवडा देणार आहे.