प्रतिसाद : हेडर नेमका कुठून उचलला जातो

'डबल कोटमधला हेडर टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडलंय तिथे आधी शोधला जातो' असं वर म्हटलंय, ते जीसीसी या सी कंपायलरच्या सीपीपीबाबत (म्हणजे कंपाइल करण्याआधी हेडर, म्हणजेच डॉट एच फाइली, कोडमध्ये ओढून आणणारा प्रीप्रोसेसर) तरी चूक आहे. ज्या फाइलीत ती इन्क्लुडची ओळ लिहिलीय तिचं फोल्डर तो आधी बघतो, तुम्ही कमांड कुठून मारलीत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

मी यातच एक अख्खी दुपार घालवलीय. बाहेर एक कॉन्फिग डॉट एच, युटिल्स फोल्डरमध्ये दुसरी जुनी तशीच पडलेली, आणि युटिल्समधल्या लॉगच्या हेडरने कोटमध्ये कॉन्फिग मागवलेली, मग काय, मी बाहेरची बदलतोय, सेव्ह करतोय, आउटपुट ढिम्म हलत नाही!

इन्क्लुड लिहिलेल्या फाइलीच्या फोल्डरमध्ये हेडर नाही सापडला तर मग कमांडमध्ये मायनस आयकोट या पर्यायाने दिलेली फोल्डरं, मग कॅपिटल आयवाली (डावीकडून उजवीकडे, पहिली सापडली की शोध बंद), मग आयसिस्टमवाली, मग सिस्टमची ठरलेली, आणि आयडरआफ्टर सगळ्यात शेवटी. हेडर डबल कोटऐवजी अँगल ब्रॅकेटमध्ये (< >) लिहिलात तर पहिल्या दोन पायऱ्याच नसतात. अजून एक गंमत, सिस्टमच्या यादीत आधीच असलेलं फोल्डर कॅपिटल आयने दिलंत तर ते कॅपिटल आय चक्क दुर्लक्षित होतं, त्यामुळे असं करून ते फोल्डर क्रमात वर आणता येत नाही.

अंदाज बांधत बसू नका, कमांडला मायनस स्मॉल व्ही लावा, फोल्डरांची अख्खी यादी क्रमाने छापून येते. आणि मायनस कॅपिटल एच लावलंत तर उघडलेला प्रत्येक हेडर पाथसकट दिसतो, कोणी कोणाला ओढलं ते पाथच्या आधीच्या टिंबांवरून कळतं (जितकी जास्त टिंबं, तितका आतला हेडर). माझी जुनी कॉन्फिग तिथेच सापडली, दोन टिंबांच्या पुढे.