मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सौम्य योगाभ्यास : सुरुवात केव्हा करावी आणि कोणाच्या देखरेखीखाली?

धागा मांडणारी, होटगी रस्ता :

मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड हातात पडते, त्यावर गोळ्यांच्या वेळा नीट लिहिलेल्या असतात, टाके काढण्याची तारीख असते. हालचालीविषयी मात्र बहुधा ‘जड उचलू नये, विश्रांती घ्यावी’ एवढीच ओळ असते. ही विश्रांती किती आणि कशी घ्यायची हे कोणी समजावून सांगत नाही, आणि मग प्रत्येक घर आपापल्या समजुतीने वागू लागते. काही घरांत रुग्णाला महिनाभर पलंगावरून पाय खाली ठेवू देत नाहीत, तर काही घरांत तिसऱ्याच आठवड्यात त्याला टीव्हीसमोर बसवून कपालभाती करायला लावतात. दोन्ही गोष्टी मायेपोटीच घडतात आणि दोन्ही अपायकारक आहेत.

माझे मत असे आहे की, सौम्य योगाभ्यास हा शस्त्रक्रियेनंतर सावरण्याचा एक भाग असावा आणि तो तीन महिने उलटण्याची वाट न पाहता पलंगावर असतानाच सुरू व्हावा. मात्र एखादा अभ्यास सौम्य आहे की नाही, हे त्या आसनाकडे पाहून ठरत नाही. शरीराचा कोणता भाग कापून शिवला आहे, यावरून ते ठरते.

उदाहरणेच घेऊ. बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापून नंतर तारेने बांधलेले असते आणि ते सांधायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर दोन्ही हातांवर अंगाचा भार घेणे, म्हणजे भुजंगासन किंवा सूर्यनमस्कार, वर्ज्यच. पण खुर्चीत ताठ बसून सावकाश श्वास सोडणे त्याच रुग्णाला रुग्णालयात असल्यापासून जमू शकते. पोट उघडून गर्भाशय किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पोटाच्या भिंतीवर आतून दाब येता कामा नये. कपालभाती, भस्त्रिका आणि नौकासन यांनी नेमका तोच दाब वाढतो आणि टाक्यांच्या जागी हर्निया होण्याची भीती असते. खुब्याचा सांधा मागच्या बाजूने उघडून बदललेला असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे मांडी ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायची नसते आणि पायावर पाय टाकायचा नसतो. आपण ज्याला सर्वांत निरुपद्रवी आसन समजतो ते सुखासनच या रुग्णाचा सांधा निखळण्याचे कारण ठरू शकते.

म्हणून माझी सूचना अशी की, योगवर्गात प्रवेश देताना शिक्षकांनी डिस्चार्ज कार्ड मागितलेच पाहिजे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर कोणती हालचाल किती आठवडे करायची नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्या सोलापूर शहरात हे कितपत शक्य आहे आणि ते योग्य तरी आहे का, यावर सर्वांनी मते मांडावीत.

फिजिओथेरपिस्ट, सात रस्ता परिसर :

ताईंनी दिलेली तिन्ही उदाहरणे बरोबर आहेत, आणि म्हणूनच त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. इतक्या बारकाव्यांनी हालचाल ठरवायची असेल, तर ते काम त्यासाठीच साडेचार वर्षांची पदवी घेतलेल्या आणि रुग्णालयात काम केलेल्या माणसाचे आहे. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत किती ताकद परत आली, चालताना नाडी आणि रक्तदाब किती वाढतो, हे मोजून आम्ही पुढची पायरी ठरवतो. योगवर्गात एका वेळी वीस-पंचवीस जण असतात. तिथे हे मोजणार कोण आणि कधी?

पुराव्याचेही बोलले पाहिजे. आपल्या देशातच हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ३,९५९ रुग्णांवर २४ रुग्णालयांत योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग करणाऱ्या गटाला आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि त्या गटातील रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले, हे खरे आहे. परंतु पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांसारख्या गंभीर घटनांच्या बाबतीत दोन्ही गटांत निर्णायक फरक दिसला नाही. शिवाय ही चाचणी झटक्यानंतरच्या पुनर्वसनाची होती, छातीवरच्या ताज्या जखमेची नव्हे. उलट, चालणे आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांमुळे हृदयरुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी येते, हे वारंवार सिद्ध झाले आहे. ज्याचा लाभ सिद्ध आहे तो उपचार आधी पूर्ण करावा आणि योगाकडे नंतर अवश्य वळावे.

योगशिक्षक, पूर्व भाग :

डॉक्टर मॅडमचे म्हणणे त्यांच्या जागी रास्त आहे; पण त्या ज्या रुग्णाबद्दल बोलत आहेत तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेला आहे. मी ज्या वस्तीत वर्ग घेतो तिथे बहुतेक घरांत कोणी यंत्रमागावर आहे, तर कोणी विड्या वळते. विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. गर्भाशय काढलेली बाई विड्या वळायचे सूप फार दिवस बाजूला ठेवू शकत नाही. ती लवकरच मांडी घालून, पाठ वाकवून पुन्हा कामाला बसते. आठवड्यातून तीन वेळा रिक्षा करून फिजिओथेरपीला जाणे आणि त्याची फी भरणे तिच्या आवाक्यातले नाही. तिच्यासाठी प्रश्न फिजिओथेरपी की योग असा नसतोच. गल्लीतल्या वर्गात जे मिळेल तेवढेच तिला मिळते.

अशा बाईला मी आसने शिकवत नाही. उताणे झोपवून गुडघ्यांखाली सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी देतो, म्हणजे पोटावरचा ताण उतरतो. मग घोटे वरखाली करणे, हाताची बोटे उघडणे-मिटणे आणि लांब श्वास सोडणे एवढेच. उठताना सरळ उठायचे नाही, आधी कुशीवर वळायचे, श्वास सोडत हाताने रेटा देऊन बसते व्हायचे, हे मात्र पुन्हा पुन्हा करून घेतो. हे एक जरी अंगवळणी पडले तरी दिवसातून कितीतरी वेळा पोटावर येणारा हिसका टळतो. श्वास रोखायला मी कोणालाही सांगत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेने १९७५ पासून खुर्ची, दोर, लोड आणि पट्टे वापरून आजारी माणसालाही झेपेल असा अभ्यास घडवून दाखवला आहे. त्यामुळे अशक्त शरीराला धरून शिकवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही.

डिस्चार्ज कार्ड मागण्याची सूचना मला पूर्ण मान्य आहे. अडचण एवढीच की, कार्डावरचे अक्षर आणि इंग्रजी संक्षेप वाचून मला अर्थ लावावा लागतो, आणि असा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

बायपास झालेल्या रुग्णाचा मुलगा, जुळे सोलापूर :

शिक्षक सरांच्या तळमळीबद्दल आदर ठेवूनही मी विरोधातच लिहीत आहे, कारण सगळे शिक्षक असे नसतात. माझ्या वडिलांना हाड पुरते सांधण्याआधीच एका वर्गात (त्याचे नाव घेत नाही) घेण्यात आले. शस्त्रक्रियेबद्दल वर्गात सांगितले होते. ‘हळूहळू करा, योगाने कधी अपाय होत नाही’ असे म्हणत त्यांना दोन्ही हात डोक्यावर ताणून धरायला लावले आणि मागून खांदेही खेचले. त्या रात्री छातीच्या मध्यभागी इतके दुखू लागले की पुन्हा तपासणी करावी लागली. सुदैवाने तारा आणि हाड जागेवर होते. परंतु वडिलांच्या मनात जी भीती बसली तिच्यामुळे त्यांनी पुढे कित्येक दिवस साधे फिरायला जाणेही बंद केले.

‘योगाने अपाय होत नाही’ ही समजूत समाजात इतकी रुजली आहे की रुग्ण प्रश्न विचारत नाही आणि शिक्षकही थांबत नाही. योगशिक्षक होण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. चार दिवसांचे शिबिर केलेला माणूसही वर्ग काढू शकतो. असे असताना हाड किंवा पोट उघडलेल्या रुग्णाने पहिले तीन महिने कोणत्याही योगवर्गात जाऊ नये, हाच नियम सुरक्षित आहे.

निवृत्त परिचारिका, लष्कर परिसर :

माझी बरीच नोकरी शस्त्रक्रिया विभागात झाली, म्हणून एक गोष्ट नोंदवते. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो. त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यासाठी तीन चेंडूंचे छोटे यंत्र देतात. कितीतरी रुग्ण त्याच्या नळीत फुंकर मारतात. वास्तविक श्वास सावकाश आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. दुखत असताना, भूल नुकती उतरलेली असताना हे शिकवणे फार कठीण जाते. ज्यांना आधीपासून दीर्घ श्वसनाची सवय होती, त्यांना ते एकदा सांगून समजत असे. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची आणि पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घोटे हलवत राहायचे, याचेही तेच.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख आधीच ठरलेली असेल, तर शिकण्याची खरी वेळ तिच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत आहे. त्या वेळी टाके नसतात, भीती असते, आणि भीतीवर सावकाश श्वासाचा चांगला उपयोग होतो. आपण सगळे नंतरच्याच दिवसांवर वाद घालत आहोत, हे मला अपुरे वाटते.

धागा मांडणारी, होटगी रस्ता :

ताई, तुमचा मुद्दा मी माझ्या सूचनेत अग्रक्रमाने घेते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत तो सर्वांत सोपा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे.

जुळे सोलापूरच्या दादांच्या वडिलांना जे सोसावे लागले ते गंभीर आहे आणि त्या शिक्षकाचे समर्थन कोणीही करू नये. तरीही तीन महिन्यांच्या सरसकट बंदीला माझा विरोध आहे. बंदी घातल्याने माणूस सुरक्षित राहत नाही, तो एकटा पडतो. आणि एकट्याने घरी मोबाइलवर पाहून केलेल्या अभ्यासावर तर कोणाचीच नजर नसते. तुमच्या वडिलांना भीतीने घरात बसवले, आणि चालणे बंद होणे हे बायपासच्या रुग्णासाठी लहान नुकसान नव्हे.

मॅडम, गंभीर घटना टळतात असा दावा मी केलेला नाही. परंतु रुग्णाला आपली प्रकृती बरी वाटणे आणि तो कामाकडे परतणे, यांना आपण दुय्यम का मानावे? स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यास एकत्र पाहणाऱ्या, ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातही थकवा आणि झोपेच्या तक्रारी योगाने कमी झाल्याचे आढळले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रात्री झोप न लागणे आणि दिवसा उठवत नसणे यांनीच माणूस खचतो, आणि त्यावर घरचे लोक फक्त ‘धीर धरा’ म्हणत असतात.

फिजिओथेरपिस्ट, सात रस्ता परिसर :

झोप आणि थकव्याबद्दलचे म्हणणे मी मान्य करते. पूर्व भागातील सरांनी वर्णन केलेल्या अभ्यासातही मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. आम्ही वॉर्डात पहिल्या दिवसापासून जवळजवळ हेच करून घेतो. माझा विरोध आता दोन गोष्टींपुरता आहे. पहिली म्हणजे, रुग्णाला किमान एकदा तरी फिजिओथेरपिस्टने तपासल्याशिवाय वर्गात घेऊ नये. एका तपासणीचा खर्च रोजच्या उपचारांइतका नसतो आणि शासकीय रुग्णालयात तो आणखी कमी असतो. दुसरी म्हणजे, बायपासच्या रुग्णाने रोजच्या चालण्याच्या जागी योग करू नये, चालून झाल्यावर करावा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा हे चालणे सकाळी लवकर उरकावे.

कार्डावर मराठीत काय लिहावे याबद्दल सरांनी अडचण मांडली, तर माझ्याकडून एवढा मजकूर घ्यावा. वर्ज्य हालचाली आणि त्यांचा कालावधी डॉक्टरांनी लिहावा. त्याखाली अभ्यास तत्काळ थांबवण्याची लक्षणे असावीत : छातीच्या हाडात कट्‌ असा आवाज येणे किंवा काहीतरी सरकल्यासारखे वाटणे, जखम लाल होणे किंवा तिच्यातून पाणी येणे, टाक्यांच्या जागी फुगवटा दिसणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. शेवटच्या दोन्हींपैकी काहीही झाले तर वर्गात आडवे करून वाट पाहत बसू नये, थेट १०८ ला फोन करावा.