चार इंची ग्रायंडर वर्षभर पण टिकत नाही, आणि बाबांचं ड्रिल अजून फिरतंय?

ग्रिलवाला_डिचोली:
नमस्कार मंडळी. डिचोलीला माझं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रिल, गेट, पत्र्याची शेड असली कामं. दोन वर्षांत चार इंची ग्रायंडर, म्हणजे लोखंड कापायचं-घासायचं मशीन, हा तिसरा गेला. पहिल्याचं आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळलं, दुसऱ्याच्या गिअरचे दात गेले, आणि तिसरा परवा चवथीच्या ऐन गडबडीत, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, गेट आजच लावून पाहिजे म्हणून, आणि मशीनमधून आधी ठिणग्या मग धूर मग तो वास, ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. बरं कंपनीचा माल होता, रस्त्यावरचा नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो आर्मेचर आणि फिल्ड (त्याच्याभोवतीची स्थिर वायंडिंग) मिळून पंधराशे, नवीन तेवीसशेला येतो, नवीनच घ्या.
आणि बाबांचं रॅलीवुल्फचं ड्रिल आहे १९८६ चं, अख्खी धातूची बॉडी, वर धरून भोक पाडायचं तर खांदा उतरतो, पण इतक्या वर्षांत कार्बन (फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणारे, झिजणारे तुकडे) सोडले तर एकदा बेअरिंग घातलंय, बस. मुद्दाम असं बनवतात काय हल्ली? आणि आता बॅटरीवरचं कॉर्डलेस घेऊ का?

चिरेकापू_पेडणे:
तीन म्हणजे काहीच नाही रे, आम्ही जांभ्याचे चिरे कापतो, आमच्याकडे मार्बल कटर पावसाळ्यापर्यंत टिकतच नाही. वर्षाच्या खर्चातच धरतो आता, डिझेलसारखं.

वायंडिंगकाका_फोंडा:
मी गेली सव्वीस वर्षं आर्मेचर भरतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.
फरक पडलाय हे खरंच. मशीन उघडलं की कळतं. गिअरच्या बाजूला बेअरिंग असतं पण मागे कार्बनच्या बाजूला स्वस्त मशीनमध्ये नुसता बुश, म्हणजे साधी धातूची नळी, घालतात, तो झिजला की आर्मेचर डगमगतं, फिल्डला घासतं आणि संपलं. कॉपर कमी केलंय, काही मशीनमध्ये तर फिल्डला ॲल्युमिनियमची तार, वरून वॉर्निश असं की कॉपरच वाटावं, खरवडलं की पांढरं दिसतं. लेबलवर मात्र वॉट वाढत चाललेत. ते वॉट म्हणजे मशीन लाईनीतून खातं ते, डिस्कला मिळतं ते नव्हे. तेवढ्याच आकाराच्या मोटरमध्ये ९०० वॉट घातले तर बाकीचं जातं कुठे? उष्णतेत.
पण दोष सगळा कंपनीचा नाही हो. माझ्याकडे जळून आलेल्या मशिनी उघडल्या की आत लोखंडाची भुकटी अशी चिकटलेली असते की चमच्याने काढावी. ग्रायंडरचा पंखा हवा आत ओढतो, त्या हवेबरोबर हीच भुकटी, ती तारेवरचं वॉर्निश खात जाते, शेवटी शॉर्ट. चिऱ्याची धूळ तर त्याहून वाईट, लाल पावडर आणि कटरचं पाणी मिळून आत चिखल, आणि ते मशीन तसंच जून ते सप्टेंबर शेडमध्ये टांगलेलं. समुद्राकडची असेल तर स्क्रू पण निघत नाहीत, छिन्नी लावावी लागते.
आणि कार्बन! अहो शंभर रुपयांचा कार्बन. पाच-सहा मिलिमीटर उरला की बदला. शेवटपर्यंत चालवता, मग स्प्रिंग कम्युटेटरवर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) घासते आणि माझ्याकडे येता. माझा धंदा चालतो, माझी तक्रार नाही.

अर्धवट_इंजिनिअर:
काकांचं बरोबर, पण बाबांच्या ड्रिलशी तुलना जरा जपून. १९८६ ची जी बिघडली ती कधीच भंगारात गेली, तुझ्यासमोर उरलंय ते टिकलेलंच एक. आणि बाबा दिवसातून किती भोकं पाडायचे? तू ग्रायंडर सकाळी लावतोस तो संध्याकाळी बंद करतोस, ११,००० आरपीएमवर. शिवाय ती धातूची बॉडी, अर्थिंग नसलेल्या प्लगला लावली आणि आत तार सुटली तर सरळ माणसाला करंट. आताच्या प्लॅस्टिक बॉडीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, म्हणजे डबल इन्सुलेशन, दोनच पिना. प्लॅस्टिक आलं ते नुसतं पैसे वाचवायला नाही.
मुद्दाम बनवतात का, तर माझ्या मते मुद्दाम स्वस्त बनवतात, आणि आपण मुद्दाम स्वस्त घेतो. घरगुती आणि धंद्याचं असे दोन माल पहिल्यापासून आहेत. बॉशचं हिरवं घरगुती, निळं धंद्याचं. ब्लॅक अँड डेकरने डीवॉल्ट १९६० मध्येच विकत घेतली होती, १९९२ ला तेच नाव धंदेवाल्यांसाठी पुढे आणलं. आपल्याकडे दुकानदार कुठलं मशीन कशासाठी हे सांगतच नाही, गिऱ्हाईक पण फक्त 'लास्ट किती' विचारतं.

ग्रिलवाला_डिचोली:
हम्म. 'लास्ट किती' वर पकडलंत. पण मग स्पेअर का नाही ठेवत हो? गिअर एकटा मिळत नाही, अख्खा हेड घ्या म्हणतात. ही तर सरळ लूट.

वायंडिंगकाका_फोंडा:
ते आहेच. आधी मशीन घेताना दुकानात विचारा, याचा आर्मेचर, स्विच, गिअर आज, आत्ता, काउंटरवर आहे का. 'मागवून देतो' म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा. नवं दिसतं म्हणून नवीन मॉडेल घेऊ नका, जुनं घ्या ज्याचे पार्ट म्हापशापासून मडगावपर्यंत कुठेही मिळतात. डुप्लिकेट आर्मेचर अर्ध्या किमतीत मिळतं, पण तो बॅलन्स केलेला नसतो, बेअरिंग खातो.

चिरेकापू_पेडणे:
आणि लाईट! आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० ला येतं. मशीन ढेपाळतं, माणूस आणखी दाबतो.

अर्धवट_इंजिनिअर:
तेच. मोटर हळू झाली की तिचाच पंखा पण हळू, गरम जास्त आणि हवा कमी. त्यात ५० मीटरची बारीक एक्स्टेंशन, पाच-दहा व्होल्ट तिथेच जातात. निदान अडीच एमएमची वायर घे, आणि काम झाल्यावर अर्धा मिनिट रिकामं फिरव, मग बंद कर.
कॉर्डलेसचं: ब्रशलेस घेतलंस तर कार्बनची कटकट नाही, पण आतलं सर्किट गेलं की काकांनाही काही करता येत नाही. बॅटरीत पाच सेल एकापुढे एक, प्रत्येकी ३.६ व्होल्ट म्हणजे १८, भरल्यावर ४.२ म्हणजे २१. त्यामुळे १८, २० आणि २१ व्होल्ट लिहिलेली बॅटरी एकच. ऑनलाईन '४८ व्हीएफ' वगैरे लिहून विकतात त्या लेबलवर जाऊ नकोस. एक सेल कमजोर झाला की अख्खी बॅटरी गेली. गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नकोस, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस, मे महिन्यात तर नाहीच. दिवसभर ग्रायंडिंगला मी तरी वायरवालाच घेईन, कॉर्डलेस साईटवर चार बोल्ट कापायला.

ग्रिलवाला_डिचोली:
काका, जळालेला फोंड्याला घेऊन येतो शनिवारी. बाबांचं ड्रिल पण आणू का, जरा घरघर करतंय.

वायंडिंगकाका_फोंडा:
आण. ते उघडायला मजा येते. शनिवारी एकनंतर दुकान बंद असतं, आधी ये.