मदत हवी आहे: बंद पडलेले गोबरगॅस पुन्हा कसे सुरू करावेत?

नमस्कार मंडळी. आमच्या गावात बऱ्याच घरांमागे जुने गोबरगॅस आहेत, आणि त्यातले बहुतेक बंद पडलेत. गोठ्यात जनावरं आहेत, शेण उकिरड्यावर जातं. उज्ज्वला योजना 2016 साली आली, सिलिंडर घरी आले. पण भरून आणायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते आणि धूर बायकांच्याच डोळ्यांत जातो.

दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला, म्हणजे जमिनीत बांधलेल्या पक्क्या घुमटाच्या गोबरगॅसला, रोज साधारण 50 किलो शेण आणि जवळपास तेवढंच पाणी लागतं. म्हणजे चार-पाच जनावरं असलेल्या घराला सहज जमेल. वर स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला पातळ शेणकाला, खत म्हणून शेतात जाते, ती वेगळीच.

मग अडतंय कुठे? लोक सांगतात: थंडीत गॅस कमी येतो, घुमटाला भेगा गेल्यात, दुरुस्ती जाणणारा गवंडी नाही. मला मोठं कारण वेगळं वाटतं. रोज शेण कालवायचं काम बाईच्या वाट्याला येतं आणि निर्णय मात्र पुरुषांच्या बैठकीत होतो. तिला आधी विचारल्याशिवाय हे टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

कुणी बचत गटामार्फत हे चालवलंय का? भेगा बुजवून गॅस पुन्हा धरतो का, की घुमट नव्यानेच बांधावा लागतो? हिवाळ्यात काय करता? कालवायचे कष्ट कमी करणारं एखादं साधन वापरलं असेल तर तेही कृपया सविस्तर लिहा. पावसाळा संपला की दोन-तीन घरांपासून सुरुवात करायची आहे.