‘पंक’ला मराठीत काय म्हणायचं?

टाकबोरू:
सत्तरच्या दशकातल्या बँडांवरचा एक लेख मराठीत आणतोय. मी ‘पंक रॉक’ तसंच ठेवलं होतं. संपादकबाईंनी सगळीकडे ‘बंडखोर रॉक’ करून पाठवलं, समासात शेरा: ‘पंक म्हणजे चिखल, वाचक गोंधळेल.’ त्यांचं चूक नाही, पंकज तिथूनच आला. पण ‘बंडखोर’ डोळ्याला खटकतंय आणि नेमकं का ते सांगता येत नाहीये.

वरणफळ:
टपोरी रॉक. घ्या, झालं काम. नाहीतर छपरी.

आडगावची:
छपरी नको हो. तो शब्द एका समाजाच्या नावाशी जोडला जातो, म्हणून त्याला बऱ्याच जणांचा आक्षेप आहे.

जुनी कॅसेट:
टाकबोरू, खटकतंय कारण ‘बंडखोर’ हे कौतुक आहे. बंडखोर कवीला आपल्याकडे शाल-श्रीफळ मिळतं. पंक ही शिवी होती. शेक्सपियरच्या नाटकात तो शब्द वेश्येसाठी येतो. पुढे अमेरिकेत तो टारगट, कुचकामी पोराला चिकटला. १९७१ मध्ये ‘क्रीम’ मासिकात डेव्ह मार्शनं एका गॅरेज बँडच्या संदर्भात ‘पंक रॉक’ लिहिलं, आणि १९७६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन पोरांनी ‘पंक’ याच नावाचं मासिक काढलं. सीबीजीबी नावाच्या कळकट बारमध्ये वाजवणाऱ्यांना ते नाव बसलं ते कायमचं. (सीबीजीबी म्हणजे कंट्री, ब्लूग्रास, ब्लूज. बार गाजला तो या तिन्हींशी संबंध नसलेल्या गाण्यांमुळे.)

तिथलेच रमोन्स. चौघं वेगवेगळ्या घरांतले, पण सगळ्यांनी आडनाव लावलं रमोन, तेही पॉल मॅकार्टनीनं कधीकाळी घेतलेल्या टोपणनावावरून उचललेलं. १९७६ च्या पहिल्या अल्बमात चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. ‘आम्हाला फारसं येत नाही, म्हणून काय वाजवू नये?’ असा तो सूर. ‘बंडखोर’मध्ये नेमका हाच निर्लज्जपणा हरवतो.

आता शब्दांचाच विषय आहे म्हणून सांगतो. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचा अल्बम आला १९७७ च्या ऑक्टोबरात, नाव ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’. नॉटिंगहॅममधल्या एका रेकॉर्डच्या दुकानानं त्याचं पोस्टर काचेत लावलं म्हणून व्यवस्थापकावर १८८९ च्या असभ्य जाहिरातींच्या कायद्याखाली खटला भरला. बचावासाठी साक्षीला कोण? तिथल्याच विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली. त्यांनी शब्दाची कुळकथाच मांडली: मूळ अर्थ लहानसा गोळा (आपल्या ‘गोट्या’ आठवा, प्रवास तोच), मग पाद्र्यांना पडलेलं टोपणनाव, आणि पाद्री बरंच काही बरळतात म्हणून शेवटी ‘फालतू बडबड’. न्यायाधीशांनी नाइलाजानं निर्दोष सोडलं. व्युत्पत्तीच्या जोरावर कोणी सुटल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही. शब्दचर्चेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांनी ऐकावं.

वरणफळ:
टपोरी मागे घेतो. पण वाचकाला चिखल वाटला तर?

आडगावची:
वाटू दे की. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ, अशी लोकांना भीती वाटते. त्यांनी वापरलेलं इंग्रजी क्रियापद ‘स्वॉम्प’ दलदलीवरूनच आलंय. त्यावर लंडनमधल्या पाकिस्तानी घरांतल्या तीन पोरांनी एका गोऱ्या दोस्ताला घेऊन बँड काढला आणि नाव ठेवलं ‘एलियन कल्चर’, म्हणजे परकी संस्कृती. हिणवणारा शब्द उचलून आपल्याच कपाळावर लावायचा. जुनी कॅसेट म्हणतात तेच हे. १९७८ च्याच एप्रिलमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वर्णद्वेषाविरुद्धच्या मोठ्या कार्यक्रमात क्लॅश या पंक बँडनं वाजवलं होतं. पिस्टल्सपेक्षा मला क्लॅश जवळचे, भांडण कशाशी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

आणि टाकबोरू, लेखात ‘फॅनझीन’ (चाहत्यांनी स्वतःच काढलेलं मासिक) आलं तर मात्र मराठी शब्द तयार आहे: लघुअनियतकालिक. साठच्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइल करून, पदरमोड करून जे निघायचं तेच. १९७६ च्या जुलैत मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनानं ‘स्निफिन ग्लू’ काढलं ते टाइपरायटर, स्केचपेन आणि फोटोकॉपीवर. जात एकच.

टाकबोरू:
हे भारी आहे. ‘पोस्ट-पंक’चं काय करू? ‘उत्तर-पंक’ केलं तर प्रश्नाचं उत्तर वाटतं.

जुनी कॅसेट:
साठोत्तरी चालतं ना, मग पंकोत्तर चालवा. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये पिस्टल्स वाजवायला आले, बझकॉक्स या तिथल्या बँडच्या पोरांनी बोलावलं म्हणून. जेमतेम चाळीसएक श्रोते. त्यांत पुढे जॉय डिव्हिजन काढणारे होते, द फॉल बँडचा मार्क स्मिथ होता, गायक मॉरिसी होता. आज आपण तिथे होतो म्हणणारे मोजले तर हॉल पुरणार नाही! गिटार कशी धरायची हे त्या दिवशी कोणी शिकलं नसेल, पण धरायला कोणाची परवानगी लागत नाही एवढं कळलं. पुढचं सगळं पंकोत्तर तिथून निघतं.

वरणफळ:
शेवटची शंका. पंकचा की पंकाचा?

आडगावची:
पंकचा, रॉकचा तसं. सामान्यरूप केलंत की पाय चिखलात.

टाकबोरू:
‘पंक’ ठेवतोय. बाईंना हा धागाच पाठवला. उत्तर आलं: ‘ठीक, पण पहिल्यांदा येईल तिथे अवतरणात.’